परदेशी लेखकावर चाळीस मिनिटं बोलायचं असेल तर

आमच्या सहकारनगरच्या सोसायटीत दर महिन्याच्या चौथ्या शनिवारी संध्याकाळी साडेपाचला वाचनकट्टा भरतो. पार्किंगशेजारच्या हॉलमध्ये. एरवी तिथे गणपतीच्या मखराचं सामान आणि कोणाचा तरी खोलून ठेवलेला पलंग असतो. बारा ते बावीस माणसं येतात, पावसाळ्यात सात. एकाने एका लेखकावर चाळीस मिनिटं बोलायचं, मग प्रश्न, मग चहा. पहिली दोन वर्षं आम्ही मराठी लेखक घेतले आणि भांडणं व्हायला लागली. पुण्यात कुठल्याही मराठी लेखकाचा भाचा कोणाच्या ना कोणाच्या ओळखीचा निघतो. परदेशी लेखकाला भाचे नसतात. म्हणून आम्ही युरोपात गेलो.

त्यालाही आता सहा वर्षं झाली. आजूबाजूच्या सोसायट्यांतून फोन येतात, "ताई, आम्हालाही सुरू करायचंय, भाषणाची तयारी कशी करायची?" फोनवर सांगून सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून काढते. मी टपाल खात्यात छत्तीस वर्षं काढली. साहित्याची पदवी माझ्याकडे नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझं पहिलं भाषण टॉलस्टॉयवर होतं आणि ते पडलं. मी आठ पानं लिहून नेली होती. १८२८ साली जन्म, आई लहानपणीच गेली, मग वडील गेले, मग सैन्य, लग्न, तेरा मुलं, मोठ्या कादंबऱ्या, १९१० साली एका रेल्वे स्टेशनवर मृत्यू. तेरा मुलांपर्यंत पोचले तेव्हा पुढच्या रांगेतले दोघे झोपले होते. शेवटी तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक म्हणाले, "हे सगळं मोबाइलवर आहे. तुम्ही स्वतः काय वाचलंत?" राग आला. पण घरी जाऊन भांडी घासताना पटलं.

तर पहिली गोष्ट: जन्मतारखेपासून सुरुवात करू नका. या माणसाचं पोट कशावर चालत होतं, तिथून करा.

ही युक्ती मला अँथनी ट्रोलपने शिकवली. इंग्रज कादंबरीकार, जन्म १८१५. त्याचं नाव मी ऐकलेलंही नव्हतं. हा माणूस १८३४ साली लंडनच्या टपाल कचेरीत कारकून म्हणून चिकटला आणि १८६७ पर्यंत खात्यातच होता, हे कळलं आणि मी ताठ बसले. चॅनल बेटांवर १८५२ साली खांबासारख्या टपालपेट्या उभ्या राहिल्या, त्या याच्या शिफारशीवरून. पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा. वेळेवर उठवून कॉफी आणून द्यावी म्हणून म्हाताऱ्या नोकराला वर्षाला पाच पौंड जादा द्यायचा. समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द, मग कपडे करून कचेरीत. अशा ४७ कादंबऱ्या. हे सगळं त्याने आत्मचरित्रात हिशेबासकट लिहून ठेवलं. ते १८८३ साली, त्याच्या मृत्यूनंतर, छापून आलं आणि समीक्षकांनी नाकं मुरडली: प्रतिभा काय घड्याळ लावून येते का? मी कट्ट्यावर एवढंच म्हटलं, की सॉर्टिंगला बसलेल्या माणसाचं बोट आणि डोकं वेगवेगळं चालू शकतं, हे मी छत्तीस वर्षं पाहिलं आहे. त्या दिवशी कोणी झोपलं नाही.

पोटापाण्याची वाट धरली की लेखक पटापट माणसात येतात. डॉन किहोते लिहिणारा सर्व्हान्तेस घ्या. १५७१ च्या लेपान्तोच्या आरमारी लढाईत डावा हात निकामी झाला, पुढे चाच्यांनी पकडून पाच वर्षं अल्जिअर्सला कैदेत ठेवलं. हे सगळेच सांगतात. आमच्या कट्ट्यावर दोन लेखापरीक्षक आहेत. त्यांना रस वाटला तो पुढच्या भागात: सुटून आल्यावर हा स्पेनच्या आरमारासाठी गहू-तेल गोळा करत गावोगाव हिंडला, मग करवसुली केली, हिशेब जुळले नाहीत म्हणून १५९७ साली सेव्हिलच्या तुरुंगात गेला. वसुलीचे पैसे ज्याच्या पेढीत ठेवले होते ती पेढीच बुडाली होती. "मग जबाबदारी कोणाची?" यावर वीस मिनिटं चर्चा झाली. कादंबरी राहिली बाजूला, पण दोघांनी ती नंतर वाचायला नेली.

किंवा लिस्बनचा कवी पेसोआ: व्यापारी पेढ्यांची इंग्रजी-फ्रेंच पत्रं लिहून देऊन जगला आणि १९३५ साली गेला तेव्हा मागे एक ट्रंक सोडून गेला, त्यात पंचवीस हजारांहून जास्त कागद. किंवा सेल्मा लागरलोफ, स्वीडनमधली शाळामास्तरीण, १९०९ साली साहित्याचं नोबेल मिळवणारी पहिली बाई. दोस्तोयव्हस्कीची गोष्ट मी खास टपालवाल्यांसाठी राखून ठेवली आहे. १८६६ साली प्रकाशकाने त्याला करारात अडकवलं होतं. १ नोव्हेंबरपर्यंत नवी कादंबरी दिली नाही, तर पुढची नऊ वर्षं त्याचं सगळं लेखन प्रकाशक फुकटात छापणार. त्याने लघुलिपी येणाऱ्या अॅना नावाच्या वीस वर्षांच्या मुलीला बोलावलं आणि सव्वीस दिवसांत कादंबरी सांगून उतरवून घेतली. विषय जुगार, कारण स्वतःला तेच व्यसन. शेवटच्या दिवशी हस्तलिखित द्यायला गेला तर प्रकाशक मुद्दाम गावाबाहेर. मग पठ्ठ्याने ते पोलीस ठाण्यात जमा केलं आणि पोचपावती घेतली. पोचपावतीचं महत्त्व मी जन्मभर लोकांना सांगत आले आहे. पुढच्या फेब्रुवारीत त्याने अॅनाशी लग्न केलं, हे सांगायला विसरू नका. नाहीतर "मग त्या मुलीचं काय झालं?" हा प्रश्न येतोच.

आता काफ्का. याच्यावर जरा जास्त बोलते, कारण तयारी कशी करायची ते त्यातून नीट कळेल.

काफ्का म्हटलं की लोक उदास चेहरा करून बसतात. मी सुरुवात अशी केली: हा मनुष्य प्रागच्या कामगार अपघात विमा संस्थेत १९०८ पासून १९२२ पर्यंत नोकरीला होता, वेळ सकाळी आठ ते दुपारी दोन, आणि क्षयामुळे मुदतीआधी पेन्शनवर गेला. पेन्शन शब्दाला हॉल जागा झाला. मग सांगितलं की लाकूड रंधायच्या यंत्रांत कामगारांची बोटं तुटतात, ते कसं टाळावं यावर त्याने संस्थेच्या वार्षिक अहवालात एक टिपण लिहिलं होतं, तुटक्या बोटांच्या चित्रांसकट. यंत्रात पात्याचा दांडा चौकोनी असेल तर टेबल आणि दांडा यांच्यामध्ये फट राहते, बोट आत जातं. दांडा गोल असेल तर फट अरुंद राहते आणि इजा झाली तरी थोडक्यात निभावतं.

एवढं मी वाचून पाठ केलं होतं, कळलं होतं असं नाही. तेव्हा तळमजल्यावरचे एक गृहस्थ उठले. हे पिंपरीला एका कारखान्यात तीस वर्षं मशिन शॉपला होते. चार वर्षं कट्ट्याला येत होते आणि चार वर्षांत "पंखा लावा" याखेरीज काही बोलले नव्हते. त्यांनी माझ्या हातातला खडू घेतला आणि फळ्यावर दोन्ही दांडे काढून दाखवले. दहा मिनिटं बोलले. शेवटी म्हणाले, "हा जो कोण आहे, तो शॉप फ्लोअरवर जाऊन आलेला आहे. टेबलावर बसून हे सुचत नाही."

मग मी पान वाचलं. ही दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी: चाळीस मिनिटांतली निदान दहा मिनिटं लेखकाचा मजकूर मोठ्याने वाचायचा, मराठीत. छापील अनुवाद मिळाला तर उत्तम, नाही तर स्वतः करायचा. एक पान, जास्त नको. त्याला मला आठ दिवस लागतात आणि त्या आठ दिवसांत जेवढं कळतं तेवढं दहा लेख वाचून कळत नाही. काफ्काचं मी "मेटामॉर्फोसिस"चं पहिलं पान घेतलं, १९१५ सालची गोष्ट. ग्रेगोर साम्सा सकाळी उठतो तर त्याचा किडा झालेला. लोकांना तेवढंच ठाऊक असतं. पण पान नीट वाचा: किडा झालेला माणूस काळजी कसली करतो? गजर चारचा लावला होता, आता साडेसहा वाजले, पाचची गाडी गेली, पुढची सातला आहे, साहेब ओरडणार. आजारी आहे म्हणून कळवावं, तर पाच वर्षांत एकही दिवस आजारी पडलेलो नाही, साहेब विम्याचा डॉक्टर घेऊन घरी येईल आणि तो डॉक्टर म्हणेल धडधाकट आहे, कामचुकार आहे. हॉलमध्ये हशा. अर्ध्या लोकांनी आयुष्यात कधी ना कधी वैद्यकीय रजेचा अर्ज लिहिला होता.

अनुवाद करताना मी अडले ती त्या किड्यापाशीच. पहिल्या खर्ड्यात "झुरळ" लिहिलं होतं. आमच्या शेजारची मुलगी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकते (पुण्यात दर तिसऱ्या घरात कोणीतरी जर्मन शिकतंच), तिला दाखवलं. ती म्हणाली, "आजी, मूळ शब्दात झुरळ नाही. नकोसा, घाणेरडा असा कुठलाही जीव." मागाहून कळलं की काफ्काने स्वतः प्रकाशकाला लिहून कळवलं होतं, मुखपृष्ठावर तो किडा काढू नका, लांबूनसुद्धा नको. मी झुरळ खोडून "किळसवाणा किडा" केलं. अजूनही समाधान नाही. "जीव" हवं होतं कदाचित. पण एका शब्दावरून कट्ट्यावर पंधरा मिनिटं बोलणं झालं, आणि असं बोलणं घडवून आणायलाच तर आपण जमतो.

नावांच्या उच्चारांचं थोडं. आधी विचारून घ्या, लाजू नका. फ्लोबेर, काम्यू, प्रूस्त: शेवटची अक्षरं कुठे खायची आणि कुठे नाही, हे इंग्रजी स्पेलिंगवरून कळत नाही. जर्मन महाकवीला आपल्याकडे गटे, गोएथे, ग्योटे काहीही म्हणतात. त्या मुलीने शिकवलं ते असं: ओठ "ओ" म्हणायला करायचे आणि आवाज "ए"चा काढायचा. आम्ही सगळ्यांनी हॉलमध्ये करून पाहिलं, पार्किंगमधला वॉचमन डोकावून गेला. शाकुंतल वाचून हा माणूस वेडा झाला होता, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पण त्याने वाचलं ते विल्यम जोन्सच्या १७८९ च्या इंग्रजी अनुवादावरून गेऑर्ग फोर्स्टरने १७९१ साली जर्मनमध्ये केलेलं, म्हणजे अनुवादाचा अनुवाद. हे मी मुद्दाम सांगते, कारण "मूळ भाषेत वाचल्याशिवाय काय अर्थ" असं म्हणणारा एक जण प्रत्येक कट्ट्यात असतो.

तारखांची एक गंमत. शेक्सपिअर आणि सर्व्हान्तेस एकाच दिवशी गेले, २३ एप्रिल १६१६, असं पुस्तकदिनाला दरवर्षी फिरत असतं. स्पेनने तेव्हा नवं कॅलेंडर घेतलेलं होतं, इंग्लंड जुन्यावरच होतं, दोघांत दहा दिवसांचा फरक. शिवाय सर्व्हान्तेस गेला २२ला, २३ ही त्याला पुरल्याची तारीख. तिथीप्रमाणे की तारखेप्रमाणे हा वाद आपल्याला नवा नाही, त्यामुळे हे समजावायला एक वाक्य पुरतं. रशियन लेखकांच्या तारखांतही हीच भानगड, तिथे फरक बारा-तेरा दिवसांचा.

सुविचारांपासून मात्र सांभाळा. "तुमचं म्हणणं मला मान्य नाही, पण ते मांडण्याच्या तुमच्या हक्कासाठी मी प्राण देईन" हे मी व्हॉल्तेअरच्या नावाने सुंदर अक्षरात लिहून नोटीस बोर्डावर लावलं होतं. ते वाक्य व्हॉल्तेअरचं नाही. एव्हलिन हॉल नावाच्या बाईंनी १९०६ साली त्याच्या मित्रमंडळींवरच्या पुस्तकात, त्याची वृत्ती सांगायला, स्वतः लिहिलं. तिसऱ्या मजल्याने अर्थातच पकडलं. तेव्हापासून माझा नेम: कुठल्या पुस्तकात, कुठल्या पत्रात, कोणत्या साली, हे सापडलं नाही तर वाक्य वापरायचं नाही. उलट कधी कधी अगदी रचलेली वाटणारी गोष्ट खरी निघते. रशियन लेखक चेकॉव्ह १९०४ साली जर्मनीत वारला आणि त्याचं शव मॉस्कोला आलं ते "कालवं" असं लिहिलेल्या मालडब्यातून. मी आधी विश्वास ठेवला नव्हता. पण त्याचा लेखकमित्र गॉर्की याने ते पाहून संतापाने लिहून ठेवलं आहे.

मराठी दार असेल तर त्यातून आत जा, फार सोपं पडतं. मोलिएर या फ्रेंच नाटककाराच्या वेळी मी "संशयकल्लोळ"पासून सुरू केलं. मोलिएरचं १६६० चं छोटं प्रहसन, त्यावरून आर्थर मर्फीचं १७६१ चं इंग्रजी नाटक, त्यावरून देवलांचा "फाल्गुनराव" आणि शेवटी १९१६ चं संगीत नाटक. हा मोलिएर राजाच्या गाद्या-पडदे पाहणाऱ्या कारागिराचा मुलगा. घरचा मानाचा धंदा सोडून नाटक कंपनी काढली, कर्जापायी १६४५ साली तुरुंगात गेला आणि मग तेरा वर्षं गावोगाव कंपनी घेऊन फिरला. आपल्या जुन्या नाटक कंपन्यांच्या कथा ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना वेगळं काही सांगावं लागत नाही. "काल्पनिक रोगी"चा चौथा प्रयोग चालू असताना रंगमंचावरच त्याला झटका आला, कसाबसा प्रयोग पुरा केला आणि त्याच रात्री घरी वारला. मी इथवर आले तोवर मागच्या रांगेतल्या आजींनी नाट्यपद गुणगुणायला सुरुवात केली होती. थांबवलं नाही. भाषण तसंही संपत आलं होतं.

पुस्तकं कुठून आणायची? पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे, मराठी अनुवाद आधी तिथे पाहावेत. जर्मन लेखकांसाठी मॅक्समुल्लर भवनाचं, फ्रेंचांसाठी आलिआन्स फ्रान्सेजचं वाचनालय. जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी नशीब असेल तर काहीही मिळतं, मला दहा रुपयांत चेकॉव्ह मिळाला आहे, पण ठरवून जाऊ नका. जुन्या लेखकांचे इंग्रजी अनुवाद प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट आहेत. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क सुटतात, मात्र अनुवादकाचा हक्क वेगळा धरायचा. कॉन्स्टन्स गार्नेट या बाईंनी रशियनमधून सत्तरच्या आसपास खंड इंग्रजीत आणले. त्या १९४६ साली गेल्या, त्यामुळे त्यांचं सगळं मोकळं आहे. भाषा जुनाट वाटेल. चालतं.

बाकी किरकोळ. माइक घेऊ नका, आवाज पोचत नसेल तर खुर्च्या जवळ ओढा. चहा आधी दिलात तर निम्मी माणसं जातात. "लग्नं किती केली?" हा प्रश्न येणार, उत्तर तयार ठेवा.

पिंपरीवाल्यांचं राहिलं. काफ्का झाल्यावर दोन दिवसांनी त्यांनी बेल वाजवली. "ताई, असा कारखान्यातला आणखी कोणी आहे का?" मी त्यांना प्रिमो लेव्ही दिला. इटलीतल्या तुरीनचा रसायनतज्ज्ञ, नाझींच्या आउशविट्झ छळछावणीतून जिवंत परतला आणि नंतर सुमारे तीस वर्षं रंगाच्या कारखान्यात नोकरी केली. १९७५ साली त्याचं पुस्तक आलं, त्यात एकवीस मूलद्रव्यांच्या नावाने एकवीस प्रकरणं. तीन आठवड्यांनी ते पुस्तक पेन्सिलच्या खुणांसकट परत आलं आणि पुढच्या महिन्याचं भाषण त्यांनी मागून घेतलं.

आता रोज सकाळी सातला त्यांचा फोन असतो. वाचायचं पान त्यांनी निवडलं आहे ते क्रोमियमच्या प्रकरणातलं. व्हार्निशसाठी जवसाचं तेल उकळताना त्यात कांद्याचे दोन काप टाका, असं एका जुन्या कृतीत छापलेलं असतं, का ते कोणालाच ठाऊक नसतं. एक म्हातारा सांगतो: पूर्वी तापमापक नव्हते, कांदा तळायला लागला की तेल झालं असं समजायचे. मग तापमापक आले आणि कांदा कृतीत राहून गेला. आमच्याकडे भजीच्या तेलात पिठाचा थेंब टाकून बघतात तसंच, असं मी म्हटलं. त्यावर ते बराच वेळ गप्प होते. आज सकाळी फोन आला तो हे विचारायला, की हॉलमध्ये शेगडी पेटवायला सेक्रेटरी परवानगी देतील का. कांदा आणि तेल ते घरून आणणार आहेत.